पडायच्याच दाढेसाठी

मुलीची खालची डावीकडची दुधाची दाढ किडली आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात हे. दुसऱ्यात मी आणि माझे धाकटे दीर. मुलगी सहा वर्षांची, गाल लिंबाएवढा सुजलेला, आणि तिला दोन्ही पक्षांचं म्हणणं पटत होतं, कारण तिची समजूत घालायला दोन्ही पक्ष खडीसाखरच देत होते.

लष्करी कायदा उठून दोनएक वर्षं झाली होती आणि सोलापूर पुन्हा गिरण्यांच्या भोंग्यावर उठायला-जेवायला लागलं होतं. हे शाळेत गणित शिकवायचे. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे दिवसभर घरात. गणिताचा मास्तर दिवसभर घरात असणं म्हणजे काय, ते ज्या बायकांच्या वाट्याला आलंय त्यांनाच ठाऊक. भाऊजी कलकत्त्याहून दातांची विद्या शिकून नुकतेच परतले होते. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत त्यांनी एक खुर्ची, पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र आणि काचेच्या दाराचं कपाट मांडलं होतं. यांना धाकट्या भावाचा अभिमान होता, पण तो चेष्टेतूनच बाहेर यायचा. ‘दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,’ हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘आणि आमचा भाऊ लोकांचे दात कोरून पोट भरायला निघालाय!’

यांचं म्हणणं सरळ होतं. पडायचीच दाढ आहे. आज पडली काय, पाच वर्षांनी पडली काय. चिमट्यानं काढ आणि मोकळा हो.

‘दादा, ही दाढ नुसती चावायला नसते,’ भाऊजी म्हणाले. ‘जागा धरायला असते. पंगतीत आपण शेजारचा पाट धरून ठेवतो ना, तशी. खाली पक्की दाढ तयार होतेय, ती अकराव्या वर्षी वर येणार. ही आत्ता काढली तर मागची मोठी दाढ पुढं सरकून बसणार. मग खालचीला जागाच उरणार नाही. ती मिळेल तिथून डोकं काढणार, वाकडी.’

मला हे कुणी पटवायला नको होतं. मी मोहोळची. माझ्या दोन दाढा सातव्या वर्षी बाजारात आलेल्या एका वैदूनं उपटल्या होत्या. पुढं माझे खालचे दात आले ते बाजाराच्या गाडीत कोंबलेल्या बायांसारखे, एकीच्या खांद्यावर दुसरी. दोन ठिकाणची मंडळी मला बघून गेली आणि परत निरोप आला नाही. तिसऱ्या वेळी आईनं बजावलं, हसायचं नाही. मी हसले नाही आणि या घरात आले. लग्नानंतर महिन्याभरानं यांच्यासमोर पहिल्यांदा हसले, तर हे म्हणाले, ‘अगं, तू हसतेससुद्धा?’ ही गोष्ट हे अजून चारचौघांत रंगवून सांगतात आणि मला अजून तितकाच राग येतो.

तेव्हा माझं सगळं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. माझ्या लेकीची पक्की दाढ तिच्या जागी, सरळ, यायला हवी होती. शास्त्र काय म्हणतं, गल्ली काय म्हणते, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

वाद दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, ‘ठीक आहे. दाढ आतून कोरून भरायची म्हणताय, एकदा करून बघा. एकदाच. माझी सुट्टी संपायच्या आत. परत गाल सुजला की चिमटा. मग मी कुणाचंही ऐकणार नाही.’

खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेची. दुपारी दोननंतर तिच्यातून ऊन आत यायचं, ते आरशानं तोंडात पाडायचं, तेव्हा कुठं दाढेचा तळ दिसायचा. म्हणजे हे बारीक काम करायचं ते सोलापूरच्या मे महिन्यात आणि भर दुपारी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! भाऊजींनी पोरीला खुर्चीत बसवलं, यंत्र घरघरलं, दाढेला वरून भोक पडलं, आतला पू बाहेर आला आणि दिवेलागणीपर्यंत गाल निम्मा उतरला. दाढ आतून मेलेली, त्यामुळे तिला काही दुखलं नाही. उलट काकांनी यंत्राची पायपट्टी दाबू दिली म्हणून ती फुशारून गेली. ‘माझ्या दाढेत विहीर काढलीय!’ असं ती गल्लीभर सांगत सुटली.

पुढचे चार-पाच दिवस भाऊजी केसासारख्या बारीक सुयांनी त्या विहिरीचा गाळ काढत होते. मुळं दोन, पण त्यांच्यातल्या वाटा तीन. रोज साफ करायच्या, औषधाचा कापूस घालायचा आणि तोंड तात्पुरतं बंद करायचं. आता राहिलं होतं त्या वाटा कायमच्या भरणं.

‘कशानं भरणार?’ मी विचारलं. मोठ्या माणसांच्या दातात ते रबरासारखी एक बारीक कांडी घालायचे, ते मी पाहिलं होतं. ‘तीच घाला की. पक्की आहे.’

‘पक्की आहे म्हणूनच नको,’ भाऊजी म्हणाले. ‘दुधाच्या दाढेचं मूळ कायम राहत नाही, वहिनी. खालची वर यायला लागली की ते थोडं थोडं विरत जातं. म्हणून तर दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ नसतं. मूळ विरलं आणि कांडी राहिली, तर तीच खुंटीसारखी नव्या दाढेच्या आड येईल. आत घालायचं ते असं पाहिजे की आज घाण शिरू देणार नाही, आणि वेळ आली की मुळाबरोबर आपणही विरून जाईल.’

टिकायचं, पण वेळेवर निघून जायचं! असं शहाणं काय असेल, म्हणून मी कपाटाकडं बघत राहिले. भाऊजींनी दोन बाटल्या काढल्या. एकीत जस्ताची पांढरी भुकटी, पिठीसाखरेसारखी. दुसरीत लवंगेचं तेल.

‘लवंगेचं तेल?’ मी म्हटलं. ‘त्यासाठी कलकत्त्यापर्यंत गेलात?’

‘दोन्ही घोटून लगदा करायचा. तो आत भरला की सावकाश घट्ट होतो.’

‘आणि विरतो?’

‘विरायला पाहिजे.’

‘पाहिजे म्हणजे काय भाऊजी? विरतो की नाही?’

‘पुस्तकात विरतो असं आहे. कुणी लिहितं वेळेवर, कुणी लिहितं फार सावकाश. मी स्वतः अजून एकही बघितलेला नाही. आपल्या पोरीची दाढ पडेल तेव्हा बघेन.’

माझा असा संताप झाला! यांच्याशी दोन दिवस भांडून मी जी बाजू घेतली, तिच्या तळाशी हे होतं. नाही विरला तर लेकीची दाढ वाकडी येणार, आणि ती वैदूमुळे नाही, माझ्यामुळे. चिमट्याच्या पक्षाला निदान अज्ञानाची सबब होती. मी भाऊजींना वाट्टेल ते बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘खोटं सांगू का मग?’

आणि मग घोटायचं कुणी, हा प्रश्न आला. मुळातली वाट कोरडी केली की लगेच लगदा हातात मिळायला हवा, आणि भाऊजींना हात दोनच. हे म्हणाले, ‘मी विरोधी पक्षातला. माझ्या हातून बिघडला तर मुद्दाम बिघडवला म्हणाल.’ राहिले मी. भाऊजींनी मला जाड काच आणि चपटी सुरी दिली आणि लगदा कसा व्हायला हवा ते इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवायला लागले.

‘ते राहू द्या,’ मी म्हटलं. ‘सुरी उचलली की तार निघायला हवी का?’

‘हो.’

‘किती लांब?’

‘बोटाच्या पेराएवढी.’

‘म्हणजे एकतारी पाक. मग तसं सांगा की!’

बुंदीच्या लाडवांचा पाक मी बाराव्या वर्षापासून करत आले होते. भाऊजींच्या बरणीत लोकांच्या काढलेल्या दाढा होत्या, त्या भरून आम्ही सराव सुरू केला. सकाळी दहा वाजता माझी एकतारी अशी सुरेख यायची की भाऊजी माझ्याकडं बघून नुसते हसायचे. पण दुपारी अडीचला तोच लगदा, तेवढीच भुकटी, तेवढंच तेल, आणि भाऊजी लगदा वाटेत सारायची पिळाची तार त्यात बुडवतात न बुडवतात तोच गोळीबंद! काचेला हात लावला तर पोळत होता. उन्हाळा काचेतून लगद्यात शिरत होता.

मला वाटलं, एवढंच ना? गार करणं तर आमच्या हातचं. भरायच्या दिवशी मी कुणालाही न विचारता ती काच माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर तासभर ठेवली. बर्फासारखी गार झाली. पदरानं पुसली आणि ऐटीत घेऊन आले. हे दारात वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. पोरगी खुर्चीत, तोंडात उन्हाची तिरीप. भाऊजींनी वाटा कोरड्या केल्या आणि हात मागं केला. मी घोटायला लागले. एकतारी आली. मी ‘आली!’ म्हटलं, आणि भाऊजींनी तार बुडवून पोरीकडं वळेपर्यंत तो लगदा वाळूच्या किल्ल्यासारखा रवाळ होऊन तारेवरून गळून पडला.

परत घोटला. परत तेच. उन्हापेक्षाही लवकर.

‘वहिनी,’ भाऊजींनी काचेवरून बोट फिरवलं, ‘ही ओली होती का?’

‘गार केलीय माठावर. पुसलीय.’

‘पाणी लागलं की हा जास्तच लवकर धरतो. थेंबाचासुद्धा ओलावा नको.’

‘आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?’

दोष कुणाचा म्हणाल तर दोघांचा. त्यांना वाटलं काच ओली कोण करेल, आणि मला वाटलं गार म्हणजे माठ. या मुलखात जन्म काढलेल्या बाईला गार करायचं म्हटल्यावर ओल्या फडक्याशिवाय दुसरं काय सुचणार? वाटांमध्ये परत कापूस गेला, पोरगी उतरली, आणि दारातून आवाज आला, ‘झालं एकदा.’

‘झालं कुठं?’ मी उसळले. ‘भरलंच नाही तर एकदा कसं झालं?’

‘कोरा पेपर दिला म्हणून परीक्षा झाली नाही असं होत नाही.’

‘गाल सुजला तर चिमटा, अशी अट होती. सुजलाय का गाल? या, हात लावून बघा!’

यांनी खरंच उठून पोरीच्या गालाला हात लावला. गाल सपाट होता. पोरगी म्हणाली, ‘बाबा, मला परत बसायचंय. आज काकांनी यंत्र चालवू दिलंच नाही.’ हे तिच्याकडं बघत राहिले. मग वर्तमानपत्र उचललं आणि म्हणाले, ‘सोमवारी शाळा उघडते. रविवारपर्यंत.’

तो दिवस शुक्रवार होता. गार हवं आणि कोरडंही हवं. मे महिन्याच्या सोलापुरात जे गार ते ओलं, आणि जे कोरडं ते तापलेलं. देवघरातली फरशी बघितली, पलंगाखाली हात घातला, आडात काच सोडायचा विचार केला, आणि ओल येईल म्हणून सोडून दिला. शनिवारी सकाळी दळण काढायला मी कणगीत हात घातला. वरची ज्वारी कोमट. हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. गार! कोरडं गार! नुकतीच लावणीनं दिलेल्या शेताची ज्वारी भरून कणगी काठोकाठ होती आणि तिच्या पोटात अजून पहाट होती. मी हात न काढताच ओरडले, ‘भाऊजी! काच आणा! काच!’

भाऊजी धावत आले, त्यांनीही हात घातला, आणि आम्ही दोघं कणगीपाशी उभे राहून वेड्यासारखे हसायला लागलो. काच कोरड्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या पोटात गेली, पाठोपाठ तेलाची बाटलीही गेली. हे म्हणाले, ‘दळणात काचा आल्या तर मला आधी सांगा.’ पण तेही येऊन हात घालून गेले, मी पाहिलं.

रविवारी दुपारी अडीच वाजता मी काच काढली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि माझ्या तळहाताखाली ती काच विहिरीच्या पायरीसारखी गार आणि ठणठणीत कोरडी. भुकटी घातली, तेल घातलं, घोटलं. सुरी उचलली. तार निघाली, पेराएवढी, आणि तशीच राहिली. भाऊजींनी बुडवलं, वळले, पहिली वाट. परत बुडवलं, दुसरी. अजून तार निघत होती! तोंडानं मी नुसती ‘आहे, आहे, अजून आहे’ म्हणत होते. तिसरी वाट भरली, दाढेचं तोंड बंद झालं, आणि पोरगी म्हणाली, ‘तोंडात पुलाव झालाय.’

यांनी येऊन दाढ बघितली, ‘बरं’ म्हणाले आणि सोमवारी शाळेत गेले. गाल परत सुजला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नाही सुजला. पण माझी खरी परीक्षा ती नव्हतीच. दाढ टिकली हे अर्धंच होतं. ती वेळेवर जाईल का, आणि खालची सरळ येईल का, याला पाच वर्षं होती.

त्या पाच वर्षांत मी त्या दाढेवर जेवढी नजर ठेवली तेवढी चुलीवरच्या दुधावरही ठेवली नसेल. दर रविवारी लेकीला उन्हात उभी करायची आणि ‘आ कर’. आमच्याकडं दोन म्हशी बाळगणारी एक बाई रोज दूध घालायला यायची. मोठ्या मनाची, मोठ्या तोंडाची. ती बघायची आणि कपाळाला हात लावायची. ‘वैनी, पडायचीच दाढ हाय की ती! तिला भरलीसा, वर रोज बघतासा. म्हशीला रेडकू व्हायच्या वक्ताला बी आमी एवडं बघत न्हाय.’

इकडं भाऊजींच्या बाकावर पोरांची गर्दी वाढली. विणकरांच्या आळीतल्या तेलुगू बाया सुजल्या गालाची मुलं कडेवर घेऊन यायच्या. मी कणगीतून काच काढायची आणि घोटायची. भाऊजी प्रत्येकीला तेच सांगायचे, की दाढ राहील, पण पुढं कसं होईल ते मी अजून पाहिलेलं नाही, आमच्या पोरीची पडू द्या. बाया हसून मान हलवायच्या. त्यांना ती फुकाची नम्रता वाटायची. मला माहीत होतं की आता आमच्या एका दाढेवर या सगळ्या दाढा टांगल्या आहेत. म्हणून भाऊजींनी माझ्याकडून वचन घेतलं होतं: दाढ पडली की ती धुऊन कागदात ठेवायची. मूळ किती विरलं आणि लगदा किती विरला ते त्यांना भिंगातून बघायचं होतं.

मुलीला अकरावं सरत आलं. उजवीकडची, कधी न किडलेली, तिची तिची पडली आणि खालून नवी वर आली. डावी ढिम्म. महिना गेला, दोन महिने गेले. भाऊजी तिच्यावर चिमट्यानं टकटक करायचे आणि काही न बोलता हात धुवायचे. मी त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि मला खुंटी दिसायची. हे मात्र एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं, मला भांडता तरी आलं असतं. एवढंच, की हेही जेवताना पोरीच्या डाव्या गालाकडं बघायला लागले होते.

आणि मग ती हलली! पौषातल्या एका आठवड्यात जरा, पुढच्या आठवड्यात जास्त. मी तिला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घालायचा सपाटा लावला. शनिवार होता. यांची सकाळची शाळा, मुलगी सर्दीमुळे घरी, आणि म्हशीवाली अंगणात दूध मोजत होती. पोरगी भाकरीचा तुकडा मोडून चावली आणि किंचाळली, ‘आई! पडली!’ आणि तिनं ती तळहातावर काढून धरली.

त्यानंतर काय झालं ते आजही सांगताना मला हसू येतं आणि लाजही वाटते. म्हशीवाली ओरडली, ‘धर, धर, भुईवर पडू दिऊ नगंस! हे घ्या शेन!’ तिच्या पाटीत शेण होतंच. माझ्या हातांनी ते घेतलं. माझ्या आईनं माझ्यासाठी जे केलं, तिच्या आईनं तिच्यासाठी जे केलं, तेच माझे हात करायला लागले. दाढ शेणाच्या गोळीत दाबली, गोळी पोरीच्या हातात दिली, तिला पाठमोरी उभी केली आणि म्हटलं, ‘म्हण, उंदीरमामा, जुना घे, नवा दे!’ पोरीनं म्हटलं आणि गोळी डोक्यावरून मागं फेकली. ती छान उंच गेली आणि आमच्या माळवदावर, त्या सपाट मातीच्या छपरावर, कुठंतरी पट्कन पडली. आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या. पोरीला मी मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या.

टाळ्या ऐकून भाऊजी बाहेरच्या खोलीतून आले. हातात भिंग नव्हतं, पण मला ते दिसलं.

‘पडली?’ त्यांनी हात पुढं केला. ‘कुठाय? आणा.’

मी माळवदाकडं बघितलं. म्हशीवालीनंही बघितलं. भाऊजींनी आमच्या नजरेमागून वर बघितलं आणि त्यांना कळलं.

‘वहिनी,’ एवढंच ते म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते तेव्हा मला कळलं. पाच वर्षं! मी शिडी ओढली आणि पदर खोचून वर चढले. मागोमाग भाऊजी. वर जाऊन बघते तो माळवदभर म्हशीवालीच्या गोवऱ्या. आमचं छपर सपाट आणि उन्हाचं, म्हणून मीच तिला वाळत घालायला परवानगी दिली होती. शेणात शेण शोधायचं! आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एकेक गोळी, एकेक खपली फोडायला लागलो. खालून म्हशीवाली सांगत होती, ‘अवं तिकडं न्हाय, कडंला बगा! माज्या गवऱ्या मोडू नगासा की!’ भाऊजी रडकुंडीला आले होते. ‘किती विरला ते कळलं असतं वहिनी, किती विरला ते,’ असं पुटपुटत चिवडत होते.

तेवढ्यात हे शाळेतून आले. अंगणातून वर बघितलं आणि विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. मला वाटलं, आता हे हसतील, आणि हसले तर मी वरून गोवरी फेकीन. यांनी हातातली छत्री भिंतीला टेकवली आणि लांब कोट, टोपी, सगळ्यासकट शिडी चढून वर आले. माझ्या शेजारी गुडघे टेकले. ‘तीन भाग करू,’ म्हणाले, ‘तू हा कोपरा, तो तो, मी मधला. ओळीनं बघायचं.’ आणि गणिताच्या मास्तरांनी अस्तन्या वर सारून शेणात हात घातला.

आम्ही असे किती वेळ शोधत होतो कोण जाणे. ऊन पाठीवर आलं होतं. खालून पोरीनं दोनदा हाक मारली, मी ‘थांब गं’ म्हणून ओरडले. तिसऱ्या वेळी ती चिडूनच म्हणाली, ‘अहो काका, जुनी कशाला शोधताय? नवी हितं आलीय की! जिभेला टोचतेय!’

भाऊजींचा हात थांबला. दाढ फेकायच्या, टाळ्या पिटायच्या, शिडी चढायच्या गर्दीत पोरीच्या तोंडात बघायचं कुणालाही सुचलं नव्हतं. आम्ही शिडीवरून उतरलो की घसरलो ते आठवत नाही. भाऊजींनी तिचा ओठ ओढायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मी केला, मीही मागं घेतला. यांचेही हात कोपरापर्यंत माखलेले. पोरीनं आम्हा तिघांकडं बघितलं, मग स्वतःच बोट घालून ओठ खाली ओढला आणि उन्हाकडं तोंड केलं.

दाढा होत्या, सगळ्या ओळीत. मधे जुनीची रिकामी जागा, लालसर. आणि त्या जागेच्या अगदी मधोमध, ना इकडं ना तिकडं, दोन पांढरी टोकं वर आलेली. सरळ! दोन्ही बाजूंना पुरती जागा ठेवून, पंक्तीतल्या आपल्या पाटावर बसायला आल्यासारखी सरळ! खुंटी नाही, आड काही नाही, पांढरा कणही नाही.

‘विरला,’ भाऊजी म्हणाले. ‘वहिनी, विरला!’ आणि मी अशी ओरडले की शेजारचा माग थांबला आणि विणकराची बायको भिंतीवरून डोकावली. मी हसत होते, सगळे वेडेवाकडे दात दाखवून, आणि रडतही होते, आणि तोंड पुसायला हात स्वच्छ नव्हते.

‘सोडू का ओठ?’ पोरीनं बोट तसंच ठेवून विचारलं. ‘माझी भाकरी राहिलीय.’

‘थांब जरा,’ हे म्हणाले. ते सगळ्यांत पुढं वाकले होते. ‘अजून बघू दे.’